दारोगाची साखर

कृष्णनगरच्या घूर्णी भागातल्या कुंभारआळीत हिरण्मयी पालला सगळेच पिशी म्हणायचे. पिशी म्हणजे आत्या. लग्न होऊन ती कधी कुठं गेली नाही; बापाच्या घरातच केस पांढरे झाले, आणि आळीतल्या तीन पिढ्यांची ती आत्याच होऊन बसली. वय एकसष्ट, अंगानं काटकुळी, बोलायला तिखट. पण हात! जलंगी नदीच्या मऊ मातीतून ती अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा भाजीवाला घडवायची. त्याच्या टोपलीत वांगी, वांग्यांना देठ आणि देठांवर काटे.

बाप घनश्याम पाल जुन्या वळणाचा. पोरींनी रंग द्यावा, माती घडवणं पुरुषांचं काम, असं त्याचं मत. हिरणनं चौदाव्या वर्षी चोरून एक इलिश मासा केला, खवल्यांसकट, विळीवर अर्धा कापलेला. बापानं तो उचलून उजेडाला धरला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कपाटात आपल्या कामाशेजारी ठेवून दिला. पुढं त्याची नजर अधू झाली, तेव्हा पंधरा वर्षं मुलीच्या हातचं काम बापाच्या नावावर विकलं गेलं. तिनं कधी तक्रार केली नाही. बाप गेल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर, तिनं पहिल्यांदा एका बाहुलीच्या तळाशी स्वतःचं नाव कोरलं. कोरलं खरं, पण ते दाखवायला घरात कुणीच नाही, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

त्याच हिवाळ्यात भट्टीमागच्या पेंढ्यांत तिला मांजराचं एक पिल्लू सापडलं. अंगावर करडे पट्टे, आणि नाकाखाली दोन्ही बाजूंना काळा ठिपका, थेट पीळ दिलेल्या मिशीसारखा. "अरे, हा तर दारोगा!" शेजारचे नलिनाक्ष बिश्वास म्हणाले, आणि तेच नाव पडलं. दारोगा म्हणजे फौजदार, आणि त्यानंही नावाला बट्टा लावला नाही. सकाळी आळीतून एक फेरी मारायची, चहाच्या टपरीवर बिस्किटाचा हप्ता घ्यायचा, मासेवालीच्या पाटीला हजेरी द्यायची आणि दुपारी हिरण्मयीच्या कामाच्या पाटाशेजारी भट्टीच्या उबेला पसरायचं. घरी तीन वेळा दूधभात. दहा वर्षांत गडी सात किलोंचा झाला. हिरण्मयी काम करता करता त्याच्याशी बोलायची, आणि केलेली वस्तू आधी त्याच्या नाकापुढं धरायची. त्यानं हुंगलं की मगच ती भट्टीत जायची.

त्या वर्षी पूजेच्या आधी दारोगाचं पाणी वाढलं. वाटीतलं संपवून तो माती कालवायच्या घमेल्यातलं गढूळ पाणी प्यायला लागला. खाणं दुप्पट झालं, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. हिरण्मयीनं मनाशी म्हटलं, म्हातारा झाला. पण एक दिवस तो अंगणातून चालत येताना तिनं पाहिलं आणि हातातली माती तशीच राहिली. जन्मभर तिनं गाई, कुत्री, मांजरं घडवली होती. मांजर बोटांवर चालतं, मागच्या पायांच्या टाचा वर असतात, हे तिच्या बोटांना पाठ होतं. दारोगाच्या टाचा जमिनीला टेकत होत्या. तो सशासारखा फतकल मारत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनाक्षबाबू कुंपणाशी ओणवे होऊन काहीतरी पाहत होते. पोस्टातून निवृत्त झालेला हा गृहस्थ वीस वर्षांचा मधुमेही. साखर या विषयावर आपल्याएवढं कुणाला कळत नाही अशी त्यांची ठाम समजूत.

"हिरण, इकडं ये. हे बघ."

राखेच्या ढिगावर, दारोगा जिथं बसायचा तिथं, मुंग्यांची रांग लागली होती.

"मुंग्या आहेत. त्यात काय?"

"अगं, मूत्राला मुंग्या! तुझ्या दारोगाला माझा आजार झालाय."

"गप्प बसा, नलिनदा. मांजराला कुठं साखर होते?"

"का नाही होणार? तीन वेळा भात ओरपतो, दिवसभर लोळतो. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मला पेन्शन आहे."

हिरण्मयी हसली नाही. त्याच दुपारी झाकणाच्या टोपलीत दारोगाला घालून ती टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात बसली आणि रेल्वे फाटकाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर रुखसाना मंडल तिशीची, बारीक अंगाची आणि हळू बोलणारी. तिनं कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब काढला. यंत्रावर चारशे बत्तीस आलं.

"एवढ्यावर मी काही ठरवणार नाही, पिशी," ती म्हणाली. "घाबरलं की मांजराची साखर इथं टेबलावर बसल्या बसल्या चढते. मी रक्त पुढच्या तपासणीला पाठवते, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचं कळेल. आणि ही पट्टी घ्या, घरी लघवीत बुडवून रंग बघा."

घरी पट्टीचा रंग पालटला. तीन दिवसांनी रक्ताचा निकालही तेच बोलला.

"म्हणजे सुई? मांजराला?" हिरण्मयीनं विचारलं.

"दिवसातून दोनदा. बारा तासांच्या अंतरानं."

"मरेपर्यंत?"

"ते सांगता येत नाही. यात मांजरं आपल्यापेक्षा नशीबवान असतात. वेळेत लक्षात आलं, खाणं बदललं, सुया नीट पडल्या, तर काहींची सुई सुटते. काहींची नाही सुटत. मी वचन देणार नाही."

वचन देत नाही म्हणूनच हिरण्मयीला ती पटली. डॉक्टरनं दूध, भात, बिस्किटं बंद केली. उकडलेला मासा, कोंबडी आणि डब्यातलं ओलं खाणं, तेही मापून. "आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, मला फोन करायचा. आणि आकडा मोठा दिसला म्हणून आपल्या मनानं औषध वाढवायचं नाही. आकड्याच्या मागं धावलं की मांजर हातचं जातं." मग तिनं घरी कानातून थेंब घेऊन आकडा बघायचं छोटं यंत्र दिलं, आणि सिरिंजवर बारीक रेघ दाखवली. एकच रेघ, एवढंच औषध. हिरण्मयीनं सिरिंज हातात घेतली, रेघेवर आणली, मानेवरची कातडी चिमटीत उचलली आणि पहिल्याच खेपेला सुई अशी दिली, की दारोगानं कानसुद्धा हलवला नाही.

डॉक्टर पाहतच राहिली. "काय काम करता तुम्ही?"

"वांगी करते."

"वांगी?"

"मातीची. एवढीशी."

सुई सोपी होती. अवघड होती आळी. दूधभाताऐवजी उकडलेला मासा समोर आल्यावर दारोगानं ताटलीकडं पाठ केली, आणि थेट टपरी गाठली. हिरण्मयी त्याच्या मागोमाग तिथं हजर.

"हाराधन, उद्यापासून ह्याला काही घालायचं नाही."

"एक बिस्किटसुद्धा नाही, पिशी? बिचारा कसा बघतोय."

"घाल एक बिस्किट. मग संध्याकाळची सुई तुला."

मासेवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, समोरच्या मूर्तिकारांच्या घरात सुनांना ओळीनं उभं करून सांगितलं. आळीत चेष्टा सुरू झाली. कुणी म्हणालं, पिशीनं जावई पोसलाय. कुणी म्हणालं, एवढ्या सेवेत माणूस बरा झाला असता. एका चुलतभावानं तर तोंडावर विचारलं, "मांजरच आहे ना? दुसरं मिळेल." हिरण्मयीनं हातातली मातीची गाय त्याच्यापुढं धरली. "ही मोडली तर दुसरी मी करीन. तो मला करता येत नाही."

तीन आठवडे झाले तरी आकडा उतरेना. तीनशे ऐंशी. चारशे दहा. तीनशे नव्वद. डॉक्टरनं फोनवर सगळे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाली, "औषध वाढवण्याआधी एक बघा. बाहेर कुणीतरी घालतंय."

हिरण्मयी दोन दिवस पाळतीवर बसली. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास नलिनाक्षबाबू आपल्या मागच्या दाराच्या पायरीवर आले. इकडं तिकडं पाहिलं, सदऱ्याच्या खिशातून पानाचा पुडा काढला. आत सरपुरिया, कृष्णनगरची सायीच्या थरांची मिठाई. एक तुकडा त्यांच्या तोंडात, एक दारोगाच्या.

"नलिनदा!"

पुडा खाली पडला. दारोगानं संधी साधून उरलेलंही उचललं.

"अगं, हळू! आत छबी झोपलीय," नलिनाक्षबाबू हात जोडून कुजबुजले. छबीबौदी म्हणजे छबीवहिनी, त्यांची बायको. तिनं घरात गोडाचं नाव काढायची बंदी केली होती. "घरात हात लावू देत नाही गं ती. बाहेर आणून एकट्यानं खाताना पाप वाटायचं. म्हणून अर्धं ह्याला..."

"पापाची वाटणी मांजराबरोबर केलीत? तेही आजारी? आणि त्याला गोड कळतही नाही! डॉक्टर म्हणाली, मांजराच्या जिभेला गोडाची चवच नसते. तो साय खातो, साय."

नलिनाक्षबाबूंचा चेहरा पडला. "म्हणजे एवढे दिवस गोड मी एकटाच खात होतो?"

एवढ्या रागातही हिरण्मयीला हसू आवरेना. त्या दिवसापासून सरपुरिया बंद झाली आणि आठवडाभरात आकडा तीनशेच्या खाली आला. मग दोनशे ऐंशी, दोनशे चाळीस. दारोगा रात्रभर पाणी पिईनासा झाला.

नलिनाक्षबाबूंच्या मनाला मात्र टोचणी लागून राहिली होती. काहीतरी करून भरपाई करावी असं त्यांना वाटे, आणि ती संधी जगद्धात्री पूजेच्या दुसऱ्या दिवशी आली. त्या दिवशी घट विसर्जनाच्या मिरवणुकींनी सारं कृष्णनगर भरून जातं, दुकानं बंद असतात. नेमकी त्याच सकाळी हिरण्मयीजवळची शेवटची सिरिंज हातातून निसटून खाली पडली आणि सुई वाकली.

"काळजी कशाला?" नलिनाक्षबाबू पळत जाऊन आपलं पाकीट घेऊन आले. "माझ्याकडं ढीगभर आहेत."

हिरण्मयीनं सिरिंज न्याहाळली. "ह्याची टोपी लाल आहे. माझ्याची केशरी असते."

"टोपीच्या रंगानं काय होतं? वीस वर्षं टोचतोय मी. रेघ ती रेघच."

वेळ होत आली होती. दारोगानं मासा खाऊन संपवला होता. तिनं एका रेघेवर औषध घेतलं आणि दिलं.

साडेदहाच्या सुमारास दारोगा उठला आणि सरळ रंगाच्या मडक्यावर जाऊन आपटला. मान डुलत होती. दोन पावलं टाकली आणि कुशीवर पडला. पाय झटके देऊ लागले. हिरण्मयीनं कसाबसा कानातून थेंब घेतला. एकतीस.

फोनवर डॉक्टरचा नंबर तिला तीन वेळा दाबावा लागला.

"साखरेचं पाणी किंवा मध बोटानं हिरड्यांना चोळा," रुखसाना म्हणाली. "घशात ओतू नका, ठसका बसेल. चोळत राहा. आणि घेऊन या."

"रस्ते बंद आहेत गं. ढोल ऐकू येतायत ना?"

पलीकडं औषधांची पिशवी भरल्याचा आवाज आला. मग, "तुम्ही चोळत राहा. मी येते."

नलिनाक्षबाबूंनी खिशातून ग्लुकोजची पुडी काढली. स्वतःची साखर उतरली तर असावी म्हणून ती सदैव त्यांच्याजवळ असे. छबीबौदी वाटीत पाणी घेऊन आली. हिरण्मयी मांडी घालून बसली, दारोगाचं डोकं हातावर घेतलं आणि हिरड्यांवर बोट फिरवत राहिली. "दारोगाबाबू, ड्युटी संपली नाही अजून," ती म्हणत होती. "मी सांगितल्याशिवाय जायचं नाही."

झटके थांबले, पण तो निपचित होता. पाऊण तासानं रुखसाना मंडल अंगणात आली. फाटकापासून घूर्णीपर्यंत ती गर्दीतून पायी आली होती. चपलेचा पट्टा तुटलेला, ओढणीवर मिरवणुकीतला गुलाल, आणि औषधांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. येताच तिनं पुढच्या पायाचे थोडे केस भादरले, शीर शोधली आणि ग्लुकोज हळूहळू सोडलं. थोड्या वेळानं दारोगाची शेपूट हलली. त्यानं डोळे उघडले आणि डॉक्टरला ओळखून फिस्कारला.

"आला शुद्धीवर," रुखसाना म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "सिरिंज कुठली वापरली? बघू."

लाल टोपी पाहिल्याबरोबर तिनं डोळे मिटले. "ही चाळीस ताकदीच्या औषधाची. दारोगाची बाटली शंभरची आहे. त्याचं औषध अडीचपट दाट असतं. ह्या सिरिंजच्या एका रेघेत त्याला अडीच रेघांचं औषध गेलं."

नलिनाक्षबाबू उभे होते ते खाली बसले. "मी दिली," ते म्हणाले. "मीच म्हणालो, रंगानं काय होतं."

दर अर्ध्या तासानं रुखसाना आकडा घेत होती. सत्तर, एकशे दहा, मग पुन्हा ऐंशी. औषध अंगात आहे तोवर हलणार नाही म्हणाली. हिरण्मयीच्या घरात काही शिजलं नव्हतं. तिनं मुरमुरे, काकडी आणि मोहरीचं तेल आणलं, आणि डॉक्टरनं ते मोठ्या आवडीनं खाल्लं. तीन वाजता दारोगानं मासा खाल्ला, तेव्हा ती उठली. हिरण्मयीनं काय द्यायचं ते विचारलं, तर म्हणाली, "आज काही नको. चप्पल तेवढी शिवून द्या." हिरण्मयीनं दाभण घेतलं आणि तो पट्टा असा शिवला, की टाका शोधून सापडला नसता.

पुढं चार दिवस नलिनाक्षबाबू कुंपणाशी फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी हिरण्मयी स्वतः त्यांच्या दारात गेली, हातात शाळकरी वही.

"उद्यापासून सकाळचा आकडा तुम्ही लिहायचा. माझी मान दुखते."

"माझ्यावर अजून विश्वास आहे तुझा?"

"टोपीचा रंग मीही पाहिला होता, नलिनदा. केसाएवढी रेघ बघणारे डोळे माझे आहेत, तुमचे नव्हेत. फोन करून विचारायला हवं होतं, नाही विचारलं. आणि पुडी तुमच्या खिशात नसती तर डॉक्टर येईपर्यंत तो राहिला नसता." तिनं वही त्यांच्या हातात दिली. "सुवाच्य लिहा. पोस्टातल्यासारखं नको."

मग नलिनाक्षबाबू रोज सकाळी सातला चष्मा पुसून हजर होऊ लागले. दारोगाच्या आकड्याखाली हळूच स्वतःचाही आकडा मांडू लागले. पहिल्यांदा छबीबौदीनं ती वही पाहिली तेव्हा म्हणाली, "मांजराचे आकडे तुमच्यापेक्षा चांगले आहेत, लाज वाटू द्या." थोडी वाटलीही असावी, त्या हिवाळ्यात ते सकाळी नदीपर्यंत चालायला जाऊ लागले.

पौषात आकडा दीडशेच्या आसपास आला. डॉक्टरनं औषध अर्ध्या रेघेवर आणलं. दारोगा एका किलोनं हलका झाला होता, पण ते आता रोडावणं नव्हतं. अंगाला हात लावला की मऊ, भरीव लागायचं. टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. आधी डावी, मग महिन्याभरानं उजवी. एका दुपारी दिल्लीच्या मागणीसाठी वाळत ठेवलेल्या चाळीस बाहुल्यांच्या फळीवर त्यानं उडी मारली आणि सात बाहुल्या चक्काचूर केल्या. हिरण्मयीनं ते तुकडे पदरात गोळा केले आणि हसत, रडत सगळ्या आळीला दाखवत फिरली. "फळी किती उंच आहे बघा. एवढी उडी मारली त्यानं!"

माघ सरता सरता सुई थांबवली. दोन आठवडे रोज आकडा पाहायचा होता. पंच्याण्णव, एकशे आठ, नव्वद. पंधराव्या दिवशी दवाखान्यात रुखसानानं वही शेवटपर्यंत वाचली.

"सुटली, पिशी. पण पुन्हा येऊ शकते. खाणं तेच ठेवा, आठवड्यातून एकदा बघत राहा."

हिरण्मयीनं डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर कुत्रं घेऊन बसलेला माणूस खाकरला, तेव्हा कुठं ती उठली.

फाल्गुनात ती दोन दिवसांसाठी नवद्वीपला मामेबहिणीकडं, शैलकडं गेली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच घराबाहेर रात्र काढत होती. दारोगा नलिनाक्षबाबूंच्या ताब्यात. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मासा खाल्ला. माझ्या खुर्चीवर झोपलाय, मी उभा आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे शैलनं तिला देवळात नेलं. गाभाऱ्यापुढं हिरण्मयी डोळे मिटून एवढा वेळ उभी राहिली, की मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. बाहेर पायरीवर चपला घालताना शैलनं विचारलं, "एवढं काय मागत होतीस?"

"मागितलं नाही काही," हिरण्मयी म्हणाली. "कुणी कुणी काय काय केलं ते सांगत होते. यादी मोठी निघाली."

"मांजरासाठी?"

"माझ्यासाठी गं."

शैलनं तिचा हात धरला. दोघी घाटाच्या दिशेनं चालू लागल्या. कचोऱ्या तळल्याचा वास येत होता, आणि हिरण्मयीला खूप दिवसांनी सडकून भूक लागली होती.